खाऱ्या गावी गेल्यावर काय करावं

वैशाख लागला की आमच्या गंगेला वास सुटतो. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. लाडानं म्हणतो की धाकानं, ते मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नाही. चैत्रापर्यंत निदान धार वाहती असते. वैशाखात ती आटते आणि कुंडात जे साचून राहतं, त्याला पाणी म्हणायला माझी जीभ धजत नाही. वर हिरवी साय, सायीवर कुजलेला झेंडू, कणकेचे फुगलेले पिंड, हजामतीचे केस, कुणाच्या तरी वडिलांची राख, आणि या सगळ्यात छातीपर्यंत उभा राहून, डोळे मिटून, चूळ भरणारा एखादा भाविक. ती चूळ बघितली की मी तोंड फिरवते. आमचं बिऱ्हाड नदीकाठच्या आळीत, माडीवर. खिडकी उघडली तर वास, लावली तर उकाडा. मी बहुतेक वेळा उकाडा पत्करते.

लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक इथं कापलं, म्हणून गावाचं नाव नाशिक, असं यात्रेकरूंना सांगतात. मला वाटतं, तेव्हा तिचं एकटीचं कापलं नसावं, सगळ्या गावाचंच कापलं गेलं असावं. नाहीतर या वासात बसून हे लोक पेढे कसे खातात? बुधवारच्या बाजारात एकदा भाजीवालीला त्याच पाण्यात मेथी बुचकळताना पाहिलं आणि मी म्हटलं, "अगं, निदान वरच्या अंगाला जाऊन धू." तर ती म्हणाली, "गंगंचं पानी हाय बाई, त्याला काय व्हतंय? तुमचंच लय नाजूक काम." तेव्हापासून मेथी मी घरी पुन्हा पुन्हा धुते, आणि तरीही ती खाताना माझं मन मेथीत नसतं.

आज सकाळी खिडकीखाली एक टांगा थांबला. वऱ्हाडाकडची मंडळी असावीत, बोचकी, पोरं, एक पांगळी म्हातारी. टांग्याच्या मागं धावत आलेले उपाध्ये धाप लागलेली असतानाच सुरू झाले, "आधी क्षौर, मग स्नान, मग पिंड. मग काळा राम. मग सीतागुंफा, तिथं वाकून शिरायचं हं, डोकं सांभाळा. मग तपोवन. येताना भांडीबाजार." गावाला आल्यावर काय काय करावं, याची ही गाथा मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही म्हणेन. पण ती ऐकली की मला आमच्या गावाची नव्हे, दुसऱ्याच एका गावाची गाथा आठवते, जे गाव मी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. ती सांगणारे विसूभाऊजी आठवतात. आणि मग तो वैशाख आठवतो, आणि तोंडात एक घाण चव येते.

विसूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, विश्वनाथ. इथेच एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. पुड्या बांधायचा कंटाळा आला म्हणून मुंबईला गेले, तिथून कलकत्त्याला, आणि तिथून एका आगबोटीवर औषधं देण्याचं काम पत्करून थेट त्रिनिदादला. तिकडच्या उसाच्या मळ्यांवर आपल्या देशातले मजूर पूर्वी नेलेले होते. त्यांतल्या परतू पाहणाऱ्यांना आणायला ती बोट चालली होती. बोट मजुरांना घेऊन आली, भाऊजी आले नाहीत. ताप भरला म्हणून त्यांना किनाऱ्यावर उतरवलं होतं, ते तिथंच रमले, एका समुद्रकाठच्या गावी, तिथल्या डॉक्टरच्या दवाखान्यात. गावाचं नाव इंग्रजी होतं, आमच्या कुणाच्या जिभेला वळेना. सासूबाई त्याला 'ते खारं गाव' म्हणत. घरात तेच नाव पडलं.

काही वर्षांनी ते परत आले ते कुसुमच्या लग्नासाठी. कुसुम माझी नणंद, शेंडेफळ, भाऊजींच्या खांद्यावर वाढलेली. सासरे नव्हते. तिचं येवल्याचं स्थळ ठरलं होतं आणि वैशाखातला मुहूर्त धरला होता. मुलगा शिकलेला, घर खाऊनपिऊन सुखी, आणि मुख्य म्हणजे मुलानं कुसुमला पाहून मान खाली न घालता, सरळ हसून होकार दिला होता. ती त्या हसण्यावर जीव टाकून बसली होती. हे लग्न मोडलं असतं तर तिनं बोलून दाखवलं नसतं, पण ती आतून मोडली असती, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

भाऊजी आले ते काळे कुळकुळीत होऊन, मिश्या राखून, आणि बोलके होऊन. संध्याकाळी माडीवर बसायचे आणि त्या गावाची गाथा लावायचे. तिथं म्हणे गोऱ्यांच्या बोटी सहलीला येत. धक्क्यावरून उतरलं की पहिली इमारत दवाखान्याची, त्यामुळे इथं काय काय करायचं, हे जो तो यांनाच विचारी.

"म्हणजे आमच्या उपाध्यांसारखंच की," मी म्हटलं.

"तसंच वहिनी. फक्त दक्षिणा नाही."

मग ते सांगू लागायचे. उतरल्या उतरल्या आधी जोडे काढायचे. वाळूनं पाय भाजले तर भाजू द्यायचे. मग शहाळं, तिथं कोयत्याच्या एका घावात तोंड उडवून हातात देतात. मग पाणकोळी पक्षी बघायचे, दगडासारखे पाण्यात कोसळतात आणि चोच भरून वर येतात. मग समुद्रात शिरायचं, गळ्यापर्यंत, बायका-पुरुष सगळे, आणि काही म्हणायचं नाही.

"काही म्हणायचं नाही म्हणजे?" सासूबाईंनी जपमाळ थांबवली.

"म्हणजे स्तोत्र नाही, संकल्प नाही. नुसतं डुंबायचं."

"म्हशीसारखं."

"अगदी तसंच, आई."

इथवर मी सोसून घ्यायची. पण पुढं खाण्याचं प्रकरण यायचं. मुशी नावाचा मासा तळून पावात घालायचा आणि उभ्याउभ्या खायचा, तेल कोपरापर्यंत ओघळलं पाहिजे. खेकड्यांचे पाय दातांनी फोडून आतलं चोखायचं. कासवीण वाळूत अंडी घालते ती जवळ जाऊन बघायची, अंड्यांवर चिकट लाळेसारखं काही असतं, आणि ती अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत असतं. मी परातीत कणीक मळत असायची, ती बोटांना चिकटली की मला ती अंडीच आठवायची. "भाऊजी, पुरे करा," मी म्हणायची, "मला आज जेवण जायचं नाही." ते हसायचे आणि कुसुम म्हणायची, "सांग रे विसूदादा, वहिनीकडे लक्ष नको देऊस."

सगळ्यांत शेवटी ते जाळ्याचं सांगायचे. ते मात्र हसत नसत सांगताना. पहाटे कोळी होडीतून लांबवर जाळं टाकून येतात, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर असतात. मग ज्याला वाटेल त्यानं दोरी धरायची आणि ओढायची. काळे, गोरे, आपल्याकडचे, चिनी, बायका, पोरं. जाळं वर आलं की ज्यानं ज्यानं दोरीला हात लावला, त्याला त्याला मासळीचा वाटा. "तू कोण, कुठला, विचारत नाहीत," भाऊजी म्हणाले. "मी गेलो तेव्हा तापातून उठलेला, अंगात जोर नाही. नुसती दोरी धरून उभा होतो. तरी एका म्हातारीनं पानात बांधून वाटा आणून दिला."

"आणि तू तो खाल्लास," सासूबाई म्हणाल्या.

"खाल्ला."

माझे यजमान शाळामास्तर, ते उगाच पुस्तकाचं पान उलटत राहिले. त्याच सुमारास रामाच्या रथाच्या दोरीला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, यावरून आमच्या गावात डोकी फुटली होती, देवळाच्या दाराशी पोलीस बसले होते. तो विषय घरात कुणी काढत नसे. मासळीच्या वाटणीवरून तो वर येईल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

भाऊजींनी येताना एक शंख आणला होता. चांगला नारळाएवढा, तोंडाशी गुलाबी, गुळगुळीत. सासूबाईंना वाटलं, मुलगा म्लेंच्छांच्या देशात राहूनही देवाला विसरला नाही. त्यांनी तो थेट देव्हाऱ्यात ठेवला. रोज त्यातून विष्णूवर अभिषेक, आणि अभिषेकाचं तीर्थ आम्हा सगळ्यांच्या तळहातावर. भाऊजी दिवसभर लग्नाच्या खरेदीला बाहेर असत, त्यांना याचा पत्ताच नव्हता. पाच-सहा दिवसांनी देव्हाऱ्यात वास येऊ लागला. आधी आम्हाला वाटलं, उंदीर मेला. फडताळ ओढलं, कोपरे झाडले. शेवटी मी नाक लावत लावत शंखापाशी आले आणि मला उमासा आला. वर, पिळाच्या टोकात, मूळच्या प्राण्याचा तुकडा सुकून राहिलेला होता. कोरडा होता तोवर ठीक होतं, अभिषेकानं तो भिजून कुजला होता. आणि आम्ही रोज सकाळी, डोळ्यांना लावून, ते प्यायलो होतो. मी मोरीत जाऊन घशात बोटं घातली. आमचे मास्तरही माझ्या मागून आले.

भाऊजी घरी आल्यावर आधी पोट धरून हसले, मग सासूबाईंचा चेहरा बघून गप्प झाले. "तो घाल गंगेत," त्या म्हणाल्या. जिथं सगळं घालतात तिथंच शंख घालायचा. भाऊजींनी तो पंच्यात गुंडाळला, पण उंबऱ्यावरच उभे राहिले. मी म्हटलं, "काय झालं?"

"तो तिनं शोधून दिला होता," ते म्हणाले.

मागल्या दारी, तुळशीच्या आडोशाला, त्यांनी मला सांगितलं. तिकडे त्यांचं लग्न झालं होतं. तिचं नाव सुगिया, मळ्यावरच्या मजुरांची मुलगी, तिथंच जन्मलेली. बाळंतपणात गेली. मुलगी आजीजवळ आहे, दिवसभर वाळूत खेकड्यांच्या मागं धावते. कुसुमचं लग्न लावून त्यांना तिच्याकडे परत जायचं होतं.

"जात कोणती?" मी विचारलं. आमच्या जिभा अशाच, उचलल्या की जातीवरच पडतात.

"तिकडे जाणाऱ्यांची बोटीवर चढतानाच पुसली गेली होती, वहिनी."

"आणि मुलीचं नाव?"

"गोदावरी," ते म्हणाले, आणि तो शंख घेऊन गोदावरीकडे गेले.

त्यानंतर येवल्याहून मुलाचे चुलते आले. घराचे कर्ते तेच. जाडजूड गृहस्थ, तपकिरीनं नाकपुड्या आणि बोटं पिवळी झालेली, त्याच बोटांनी त्यांनी आमच्या चिवड्याच्या ताटलीतले काजू निवडून खाल्ले. म्हणाले, मुलीबद्दल तक्रार नाही, पण मुलीचा भाऊ समुद्र ओलांडून आला आहे. रामकुंडावर रीतसर प्रायश्चित्त झालं तर लग्न, नाहीतर मुली काय, शंभर मिळतात. पुण्यामुंबईकडे म्हणे हे सगळं तोवर बंद पडत आलं होतं. बॅरिस्टर होऊन आलेल्यांना कोण काय पाजणार? पण आमचे भाऊजी बॅरिस्टर नव्हते, कंपाउंडर होते. गरिबाच्या दारात शास्त्र नेहमी सगळं उभं राहतं.

मला वाटलं, भाऊजी भांडतील. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. तिथं कुसुम उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "करू की," भाऊजी म्हणाले. "त्यात काय आहे."

त्या दिवशी सासूबाई आणि मी धूतवस्त्र आणि तांब्या घेऊन पायरीवर उभ्या होतो. कुंडाला आजच्यासारखाच वास होता. न्हाव्यानं भाऊजींचं डोकं केलं, मिश्या काढल्या. उन्हानं रापलेल्या चेहऱ्यावर ओठावरचा तेवढा पट्टा पांढरा निघाला आणि ते एकदम कुणीतरी आजारी माणूस दिसू लागले. मग पंचगव्य. दूध, दही, तूप ठीक आहे हो. पण त्यातलं शेण मी गाळताना पाहिलं होतं, आणि ते गोमूत्र ज्या गाईचं, ती बाजारात उकिरडा खात हिंडताना मी रोज पाहत होते. भाऊजींनी द्रोण तोंडाला लावला आणि एका घोटात संपवला. दुसऱ्यांना कडू औषधं पाजण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आपल्या वाट्याचं त्यांनी मुकाट्यानं घेतलं. मीच तोंडावर पदर दाबून धरला.

ते त्या हिरव्या पाण्यात कमरेपर्यंत उतरले. उपाध्यांनी संस्कृतातून संकल्प सांगितला, भाऊजींनी म्हटला. मला वाटलं, संपलं. इतक्यात पायरीवरून चुलते म्हणाले, "संस्कृतातलं देवाला कळलं. आम्हाला कळायला नको? मराठीत म्हणू द्या."

"मराठीत तसं काही नसतं," उपाध्ये पुटपुटले.

"नसेल तर घाला. म्हणा, समुद्र ओलांडून गेलो, त्याचा मला पश्चात्ताप झाला आहे. तिथं जे जे जोडलं ते पाप होतं. ते मी आज गंगेत सोडलं."

काठावरचे चार लोक बघायला थांबले. शेजारी एक बाई पोराचं ढुंगण धूत होती, तिनंही हात थांबवला. सासूबाई हलक्यानं म्हणाल्या, "म्हण रे बाबा, शब्दच आहेत." त्यांना काय ठाऊक होतं? भाऊजींनी वर पाहिलं ते माझ्याकडे. तिथं उभ्या असलेल्यांत मलाच ते नाव माहीत होतं. मी मान हलवली नाही, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. काय हलवायची होती?

मग ते म्हणाले. एकेक शब्द स्वच्छ, कुणी पुन्हा म्हणायला सांगू नये असा. जे जोडलं ते पाप होतं. ते मी गंगेत सोडलं. गोदावरीत उभं राहून म्हणाले, आणि बुडी मारली. वर आले तेव्हा कानामागं झेंडूची एक कुजकी पाकळी चिकटली होती.

घरी आल्यावर मी त्यांना लिंबू दिलं, मीठ दिलं, लवंग दिली, खडीसाखर दिली. ते मोरीत बसून चुळा भरत राहिले. तांब्यामागून तांब्या. शेवटी मी म्हटलं, "अजून चव जात नाही का हो?"

"शेणाची गेली केव्हाच," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा तांब्या उचलला.

लग्न झालं. थाटात झालं. कुसुमला येवल्याची पैठणी इतकी शोभत होती की सासूबाई तिच्याकडे बघायच्याच थांबल्या, दृष्ट लागेल म्हणून. मग पंगत बसली. रांगोळ्या, उदबत्त्या, चांदीचे पाट, आणि मधोमध जोडप्याचं पान. मी वाढायला निघाले आणि पाहिलं, भाऊजींचं पान ओळीत नव्हतं. दाराजवळ, जिथं पाहुण्यांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, त्या कोपऱ्यात एक पान वेगळं मांडलेलं होतं. चुलत्यांनीच मांडायला लावलं होतं. आमच्या मास्तरांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "शुद्ध झाले आहेत, प्रश्नच नाही. पण आमच्याकडे काही वडीलधारी माणसं आहेत, त्यांना जरा जड जातं." माणसाला शेण पाजायचं, मूत पाजायचं, त्याच्या तोंडून नको ते वदवून घ्यायचं, आणि मग पुन्हा चपलांशेजारी बसवायचं. मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे. याच्याइतकी किळस मला कशाचीच आली नाही. अजून येते.

भाऊजी मुकाट्यानं जाऊन त्या पानावर बसले.

घास देण्याची वेळ आली. बायकांनी कुसुमला घेरलं, "नाव घे, नाव घे." ती मान खाली घालून गप्प. त्यांना वाटलं, लाजते. पुन्हा आग्रह झाला. तेव्हा ती दाराकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आधी विसूदादाचं पान ओळीत मांडा. मग घेते."

पंगतीतले हात थांबले. चुलते लाल झाले. नवरा मुलगा अर्धवट उठला आणि चुलत्यांनी नुसतं पाहिलं तसा खाली बसला. चांगला मुलगा आहे, आजही चांगला आहे, पण त्या दिवशी तो खाली बसला. वरण गार होत होतं. कुसुमनं हातातला घास पानात परत ठेवला, आणि मला दिसत होतं की ती मागं हटणार नाही.

तेव्हा चपलांशेजारून भाऊजी म्हणाले, "कुसुम, नाव घे. मला इथं वारा चांगला लागतो."

तिनं घेतलं. त्यासाठी महिनाभर आरशापुढं घोकलेला उखाणा नाही, नुसतं कोरडं नाव. बायका हसल्या, पंगत सुरू झाली. मी भाऊजींना जिलबी वाढायला गेले, तर त्यांनी पानावर आडवा हात धरला.

हळद उतरायच्या आत ते निघाले. टांग्यात बसताना मला म्हणाले, "सोडलेलं परत घ्यायला चाललोय, वहिनी. आता पुन्हा शुद्ध व्हायला काही मी येत नाही." आणि ते आलेच नाहीत. सासूबाई गेल्या तेव्हाही नाहीत.

कुसुम मात्र दर वैशाखात येते. आत्ताही आली आहे, तिची लेक माडीवर धुडगूस घालते आहे. गोदावरीचं मी कुसुमला केव्हाच सांगितलं, सासूबाई गेल्यावर. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी त्यानं तिला सोडलं म्हटलं." मी म्हटलं, "म्हटलं. सोडलं नाही." यावर ती रडली.

दुपारी खिडकीखालचे उपाध्ये नव्या टांग्याला गाथा ऐकवू लागले तसा पोरीनं विचारलं, "आई, विसूमामाच्या गावी गेल्यावर काय काय करायचं?" कुसुमनं सुरुवात केली. आधी जोडे काढायचे. मग शहाळं. मग समुद्रात शिरायचं आणि काही म्हणायचं नाही. मुशीवर आली तशी मी नाकाला पदर लावला. ते मला अजून सोसत नाही. खेकडे, कासवीण, तिची ती चिकट अंडी, सगळं झालं. मग ती थांबली आणि माझ्याकडे बघू लागली, कारण शेवटचं नेहमी मीच सांगते.

पहाटे जाळं ओढायला जायचं, मी म्हटलं. मला मासे नकोत. माझा वाटा कुणालाही द्या. मला नुसता त्या दोरीला हात लावायचा आहे.